समोरच्या रॅकवर रॅट आले आणि उंदरीण पिल्लं खाऊ लागली

पिंजरेवाली (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज पहिल्यांदा लिहितेय, आणि तेही उंदरांबद्दल.

मी एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात काम करते. नववं वर्ष आहे. कागदावर पदाचं नाव मोठं आहे, पण काम म्हणजे पिंजरे धुणं, भुसा बदलणं, बाटल्या भरणं, वजनं घेणं, पिल्लांच्या नोंदी ठेवणं. शिकलेली शास्त्रज्ञ नाही, पण उंदीर रोज बघते.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. आपल्याकडे माऊसही उंदीर आणि रॅटही उंदीर. त्यामुळे घरी "उंदीर उंदराला घाबरतोय" म्हटलं की सगळे हसतात. तर या धाग्यापुरतं, वीस-पंचवीस ग्रॅमचा छोटा तो उंदीर, आणि तीन-चारशे ग्रॅमचा दांडगा तो रॅट.

झालं असं की रॅटच्या खोलीचा एसी बंद पडला. "दोनच दिवस" म्हणून त्यांचे पिंजरे माझ्या उंदरांच्या खोलीत आणून समोरच्या रॅकवर ठेवले. त्या दोन दिवसांचे आता सात आठवडे झालेत. पिंजऱ्यांना जाळीची झाकणं आहेत आणि दोन रॅकमध्ये जेमतेम चार हातांचं अंतर.

पहिल्या आठवड्यात काही जाणवलं नाही. मग लक्षात आलं की झाकण उघडलं की जे पुढे येऊन बोटं हुंगायचे, ते जागच्या जागी थिजतायत. नर एकमेकांच्या पाठी फोडायला लागले. घरटी बदलली. माझी १४ नंबरची उंदरीण (उजव्या कानाला खाच आहे) नेहमी बशीसारखं उथळ घरटं करायची, वरून पिल्लं दिसायची. आता तिने टिश्यूचा पूर्ण बंद गोळा केला आणि तो रॅटच्या रॅकपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात नेला. सात पिल्लं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन होती आणि गोळ्याच्या तोंडाशी ती बसून काहीतरी चघळत होती. तिची ही चौथी वीण, आधीच्या तिन्ही वेळी एकही गेलं नव्हतं. आणखी दोन पिंजऱ्यांत हाच प्रकार.

वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, "बंद पिंजऱ्यातला रॅट काय करणार आहे? तुला वाटतंय." पुरावा काय, तर माझी वही. ती मीच लिहिलेली, म्हणजे उंदराला मांजर साक्ष.

माझे प्रश्न: नुसत्या वासाने एवढं होऊ शकतं का? रक्त न काढता ताण मोजता येतो का? आणि तिसरा प्रश्न माझ्या कुतूहलाचा. वाचलंय की एका जातीचा उंदीर आला की दुसऱ्या जातीचा नाहीसा होतो. तो या असल्या ताणाने होतो का? मग घरउंदीर जगभर रॅटच्या शेजारी कसा टिकलाय?

ओलंनाक

मी पशुवैद्य आहे, प्रयोगशाळेतले प्राणी हेच काम. तुम्हाला "वाटत" नाहीये. वास पुरतो.

उंदराच्या नाकात नेहमीच्या वासाच्या इंद्रियाखेरीज आणखी एक इंद्रिय असतं, व्होमेरोनेझल अवयव. मूत्रातली, लाळेतली प्रथिनं ते ओळखतं. २०१० साली एक काम प्रसिद्ध झालं. रॅटच्या मूत्रातलं एक प्रथिन आणि मांजराच्या लाळेतलं एक प्रथिन, दोन्ही या अवयवातून उंदराला कळतात आणि ज्याने आयुष्यात रॅट पाहिलेला नाही असा प्रयोगशाळेतला उंदीरही त्याने घाबरतो. हा अवयव निकामी केलेले उंदीर घाबरले नाहीत. रॅट उंदराला मारून खातो हे तर जुनंच ठाऊक आहे. म्हणजे तुमच्या उंदरिणीच्या लेखी समोरच्या रॅकवर शेजारी राहायला आलेला नाही, सात आठवडे मांजर बसलंय.

म्हणूनच वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या खोल्यांत ठेवाव्यात असा प्राणीगृहांचा सर्वसाधारण दंडक आहे. आणि कारण नुसतं भीतीचं नाही. काही जिवाणू रॅटच्या घशात सुखाने राहतात, रॅटला काही होत नाही, पण उंदीर आजारी पडतात. तेव्हा पिल्लं खाण्याचं खापर ताणावर फोडण्याआधी दोन-चार उंदरांची आरोग्यतपासणी करून घ्या. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण ताण हे उत्तर एकदा सापडलं की माणसं पुढे शोधत नाहीत.

रॅट हलेपर्यंत: आधी उंदरांचं काम, मग रॅटचं. उलट कधीच नाही. हातमोजे आणि वरचा गाऊन बदला. आणि उंदरांना शेपटीला धरून उचलत असाल तर बंद करा. २०१० मध्येच दाखवलं गेलंय की प्लास्टिकच्या नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर शेपटीला धरलेल्यांपेक्षा कमी घाबरतात. गंमत म्हणजे माणसाचाही वास लागतो. पुरुष खोलीत असला, किंवा त्याने घातलेला टीशर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांचा ताण वाढतो, असं २०१४ च्या एका कामात निघालं. स्त्रियांच्या टीशर्टने नाही. वरिष्ठांना हे सांगू नका, रागावतील.

चाळणीवाला

मी पिंजऱ्यातला नाही, रानातला माणूस. गेली चौदा वर्षं छोटे सस्तन प्राणी पकडतो, खुणा करतो, सोडतो. टोपणनाव वाचून हसू नका, माझं निम्मं आयुष्य खरंच वाळू चाळण्यात गेलंय. ते का, हे पुढे येईल.

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने मला आज जेवू दिलं नाही.

पहिल्याच हंगामातली गोष्ट. सापळे पत्र्याचे, दार पडणारे. संध्याकाळी लावायचे, पहाटे बघायचे. मी आळशी, सापळे धुवायचो नाही. काही दिवसांनी वही उलगडून बसलो तर दिसलं की ज्या सापळ्यात काल दांडगी जात सापडली, त्यात आज छोटी जात येतच नाहीये. शेजारच्या, दहा पावलांवरच्या कोऱ्या सापळ्यात येतेय. महिनाभर मी "या पट्ट्यात छोटे उंदीर नाहीत" असं लिहीत होतो. ते होते. सापळ्याच्या तोंडाशी येऊन, हुंगून, परत जात होते. तेव्हापासून सापळे गरम पाण्याने मीच धुतो, दुसऱ्यावर सोडत नाही.

हे सांगायचं कारण असं की दोन जातींची स्पर्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मारामारी येते. मारामारी क्वचित. बहुतेक वेळा छोटा नुसता येत नाही. किंवा उशिरा येतो, किंवा येतो आणि घाईने खाऊन पळतो. ती घाई मोजता येते. १९८८ साली ज्योएल ब्राऊन यांनी त्याची रीत मांडली. थाळीत ठरावीक वाळू, तिच्यात ठरावीक वजनाचे दाणे मिसळायचे आणि रात्रभर रानात ठेवायचं. सुरुवातीला दाणे पटापट सापडतात, मग जसे कमी होतात तसं उकरणं वाढतं, मिळकत घटते. कुठल्यातरी क्षणी प्राणी म्हणतो, पुरे, आता या थाळीपायी जीव धोक्यात घालण्यात अर्थ नाही. सकाळी आम्ही वाळू चाळतो आणि मागे उरलेले दाणे तोलतो. धोका जास्त वाटला की दाणे जास्त उरतात. झुडपाखालची थाळी साफ आणि उघड्यावरची अर्धी भरलेली, हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलंय. प्राण्याला "किती भीती वाटते रे" असं विचारण्याची याहून स्वस्त रीत मला ठाऊक नाही. तुम्हीही करून बघा: रॅट समोर असताना आणि नसताना.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेंडीत आहे. उंदीर-रॅटमध्ये ताणाचं मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन. आपल्यात कॉर्टिसोल, त्यांच्यात हे. रक्तात मोजायचं तर हातात धरल्यापासून तीनेक मिनिटांतच ते चढायला लागतं, म्हणजे तुम्ही स्वतःच घातलेला ताण मोजून बसता. त्याऐवजी त्याचे तुकडे लेंडीत उतरतात ते मोजतात. उंदरात दिवसा साधारण दहा तासांनी, रात्री त्याहून लवकर. मी पहाटे सापळ्यातून ताज्या लेंड्या चिमट्याने वेचून छोट्या नळीत, नळी बर्फात. वेळ चुकली की सगळं मातीमोल. बायकोला वाटायचं की नवरा रानात पक्षी बघायला जातो.

आता मूळ मुद्दा. एक जात आली की दुसरी नाहीशी होते का, आणि ताणाने होते का? मला सगळ्यात आवडणारा प्रयोग ॲरिझोनाच्या वाळवंटात, पोर्टल गावाजवळ १९७७ पासून चाललाय. पन्नास मीटर लांब-रुंद असे चोवीस चौकोन कुंपण घालून केले. कुंपणाला भोकं ठेवली. काही चौकोनांत भोकं मोठी, तिथे सगळे ये-जा करतात. काहींत भोकं जेमतेम दोन सेंटिमीटरची. कांगारू-रॅट नावाचा दांडगा बीखाऊ तिथून शिरू शकत नाही, लहान मात्र शिरतात. एवढीच युक्ती. दांडगा गेल्यावर लहान बीखाऊ वाढले. पण दांडगा जेवढं खायचा त्यातलं बरंचसं तसंच पडून राहिलं. जवळपास वीस वर्षं. मग १९९५ च्या सुमारास बेलीचा पॉकेट-माऊस नावाचा एक पाहुणा त्या परिसरात पोचला आणि नेमका त्याच चौकोनांत जमला जिथे कांगारू-रॅट नव्हता. उरलेल्या धान्यातला मोठा वाटा त्याने उचलला. कुंपणापलीकडे तेच रान, तेच बी, पण तिथे मालक हजर होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. फक्त नागोबाला आधी बीळ रिकामं हवं.

म्हणून मला विचाराल तर, बाहेरून घुसणारी जात जिंकते की हरते हे ती किती भांडखोर आहे यापेक्षा तिथे आधी कोण बसलंय आणि ते किती दांडगं आहे यावर जास्त ठरतं. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर, जर्विस बेजवळच्या रानात, बाहेरून आलेले काळे उंदीर (नावात उंदीर, पण हे रॅटच) काढून टाकले तेव्हा तिथले मूळचे बुश-रॅट वाढले. म्हणजे दाबून ठेवलेलं होतं ते फुगलं.

आणि आता जे मला स्वतःला पटायला वेळ लागला ते. मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो की नवा मुलूख जिंकणारा प्राणी धीट असणार. आघाडीवर निधडे, मागे भित्रे. आयर्लंडमध्ये बँक-व्होल म्हणून आखूड शेपटीचा, गोलमटोल प्राणी आहे. तो तिथला नाही. १९६४ मध्ये केरी परगण्यात पहिल्यांदा सापडला. १९२० च्या दशकात शॅनन नदीवरच्या वीजप्रकल्पासाठी जर्मनीहून यंत्रं आली, त्यांच्यासोबत आला असावा असं मानतात. तेव्हापासून वर्षाला दोन-अडीच किलोमीटर या गतीने तो पसरतोय, आणि जिथे तो येऊन जास्त वर्षं झाली तिथे मूळचा वुड-माऊस कमी झालाय. २०२३ मध्ये या व्होलांच्या स्वभावाचं काम आलं. जुन्या वसाहतीतले आणि पसरण्याच्या अगदी कडेवरचे, अशी तुलना. सुरक्षित वाटेल अशा चाचणीत फार फरक नाही. पण धोका वाटेल तिथे कडेवरचे जास्त जपून वागले. निधडे नाही, भित्रे. अनोळखी मुलखात, जिथे कुठला ससाणा कुठून येतो ते ठाऊक नाही, तिथे भिऊन राहणारा जगतो आणि पिल्लं घालतो.

तेव्हा तुमची १४ नंबर थिजते, घरटं बंद करते, लांबच्या कोपऱ्यात नेते, हे माझ्या लेखी दुबळेपण नाही. रानात असती तर याच वागण्याने वाचली असती. तिची पंचाईत ही की कोपरा संपला. पिंजरा संपला. रानातला उंदीर रॅटपासून वीस पावलं लांब जातो, फटीत राहतो, त्याच्या झोपेच्या वेळी बाहेर पडतो. घरउंदीर रॅटच्या शेजारी टिकला तो असा, बाजूला सरकून. न्यूझीलंडमध्ये काळ्या उंदरांचा बंदोबस्त केला की घरउंदीर एकदम वाढतात, हे तिथल्या लोकांना चांगलंच महागात पडलंय. ते तिथेच होते, दबून.

आणि दबाव पूर्ण गेला तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर रॅट नाहीत, मांजरं नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या जहाजांतून उतरलेले घरउंदीर तेवढे आहेत. ते नेहमीच्या घरउंदराच्या दीडपट झालेत आणि अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्लं रात्री कुरतडून खातात. पिल्लू काही किलोंचं, उंदीर काही ग्रॅमचा. पिल्लू बसून राहतं, कारण घरट्यात उंदीर येतो हे त्याच्या पूर्वजांनी पाहिलेलंच नाही. २०२१ मध्ये बेटावरचे सगळे उंदीर संपवायचा प्रयत्न झाला, फसला.

फार लिहिलं. अवांतर: लेंड्या वेचायच्या तर चिमटा बोथट टोकाचा घ्या.

शंकासुर

चाळणीवाल्यांचा प्रतिसाद वाचायला मजा आली, पण डोंगर पोखरून जो उंदीर काढलाय तो नक्की कोणत्या जातीचा हे बघायला हवं. तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडल्यात.

एक, शिकार. रॅट आणि उंदीर यांच्यात ती आहे. दोन, खाण्याची चढाओढ. कांगारू-रॅटचं प्रकरण तिकडचं. तीन, रोग. हा कुणी घेतलाच नाही, ओलंनाक सोडून. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर मॅक्लिअरचा रॅट म्हणून एक मूळची जात होती, भरपूर. १८९९ मध्ये जहाजातून काळे उंदीर उतरले. १९०३ पर्यंत मूळची जात संपली. चार वर्षांत. २००८ साली संग्रहालयांत जपलेल्या कातड्यांमधून डीएनए काढून बघितला, तर काळे उंदीर आल्यानंतर पकडलेल्या काही मूळ रॅटमध्ये ट्रिपॅनोसोम हा रक्तातला परजीवी सापडला, आधीच्यांत नाही. भांडण नाही, ताण नाही, भीती नाही. नुसतं शेजारी उतरणं पुरलं. असं प्रकरण बाहेरून बघणाऱ्याला हुबेहूब "बलवान आला, दुबळा हरला" असंच दिसलं असतं.

दुसरं, लेंडीतलं संप्रेरक म्हणजे भीतीचं मीटर नव्हे. गाभण मादीत ते वाढतं, थंडीत बदलतं, खाणं बदललं की बदलतं, नर-मादीत फरक असतो. दोन पट्ट्यांतल्या उंदरांत फरक दिसला आणि एका पट्ट्यात दुसरी जात होती, म्हणून "स्पर्धेचा ताण" असं लिहून टाकणं मला मानवत नाही.

तिसरं, तपकिरी उंदराने काळ्याला (दोन्ही रॅटच) हटवलं ही सगळ्यांची लाडकी गोष्ट. तपकिरी दुप्पट वजनाचा, म्हणून मारून हाकललं, असं शाळेपासून ऐकत आलोय. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांतली आणि बुडालेल्या जहाजांतली उंदरांची हाडं तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष आला की तपकिरी उंदीर १७४० च्या आधीच तिथे पोचला होता, समजत होते त्याहून बरीच वर्षं आधी, आणि काही दशकांतच बंदरांच्या शहरांत काळा मागे पडला. हाडांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड रूपांवरून) दिसलं की तपकिरीच्या खाण्यात मांसमासळीचा वाटा जास्त होता. म्हणजे त्याने काळ्याला घाबरवलं की त्याच्या आधी उकिरडा साफ केला? हाडं सांगत नाहीत.

पिंजरेवाली ताईंना एवढंच सांगणं की रॅट हलवाल तेव्हा बाकी काही बदलू नका. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

चाळणीवाला

शंकासुर, ख्रिसमस बेट मी विसरलो, मान्य. आणि लेंडीबद्दल तुम्ही म्हणता ते तर आमच्या घरातलंच दुखणं आहे. एका हंगामात माझ्या "ताणलेल्या" पट्ट्यातल्या माद्या निम्म्याहून जास्त गाभण निघाल्या आणि अख्खा तक्ता फेकावा लागला.

पण "ताण नाही, भीती नाही" हे तुम्ही ख्रिसमस बेटाबद्दल कसं म्हणता? कातड्यातून परजीवी निघतो, भीती निघत नाही. दबून राहणाऱ्या प्राण्याची रोगाशी लढायची ताकदही घटते. एकाच जातीतलं उदाहरण देतो. हवाईत रॅटच्या टोळ्या बिळांच्या नकली रचनेत ठेवून पाहिल्या. काही दिवसांत एक नर वरचढ झाला, बाकीचे बिळात दडले. दडलेल्यांचं वजन घटलं, ताणाचं संप्रेरक सोडणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, थायमस आकसली. थायमस म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी जिथे घडतात ती जागा. दोन जातींत असंच होतं असं मी म्हणत नाही. पण शिकार, चढाओढ आणि रोग यांच्या मधल्या भिंती तुम्ही म्हणता तेवढ्या पक्क्या नाहीत.

उकिरडा आधी साफ करणं की घाबरवणं, यावर मात्र तुमच्याशी भांडणार नाही. माझ्या थाळीलाही ते कळत नाही. सकाळी दाणे उरले असतील तर भीती, पण दाणे संपले असतील तर कोणी संपवले? आम्ही आता थाळीवर कॅमेरा लावतो.

एक गंमत राहिलीच, स्पर्धा शून्य असताना काय होतं त्याची. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या मोटुहोरोपापा या साडेनऊ हेक्टरच्या बेटावर, जिथे एकही रॅट नव्हता, संशोधकांनी गळ्यात रेडिओपट्टा बांधून एक तपकिरी नर मुद्दाम सोडला. एकटा रॅट पकडणं किती अवघड हे बघायला. सापळे, आमिषं, वास घेणारी कुत्री, सगळं झालं. पठ्ठ्या शेवटी चारशे मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला. अठरा आठवड्यांनी सापडला, पेंग्विनच्या ताज्या मांसावर. ज्या रानात दुसऱ्या कुणाचा वास नाही तिथे रॅट सापळ्याकडे तरी कशाला येईल, असं मला नेहमी वाटतं.

ओलंनाक

ताई, आरोग्यतपासणीचं काय झालं ते कळवा. वादात ते राहून जाईल.

पिंजरेवाली

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद छापून वहीत चिकटवलेत.

तपासणी झाली. सहा उंदीर बघितले, काही निघालं नाही. मग वरिष्ठांपुढे "समोर मांजर बसलंय" हे वाक्य म्हणून दाखवलं. नाव सांगितलं नाही. ते हसले, पण त्याच आठवड्यात एसी दुरुस्त झाला. तीन आठवड्यांपूर्वी रॅट गेले.

शंकासुर, तुमचं ऐकायचं मनात होतं. पण रॅट गेले त्याच दिवशी मी रॅक पुसून घेतला, गाऊन बदलायला लागले, आणि त्याच आठवड्यात नळी आणली. शेपटीला धरणं बंद. एकदम चार गोष्टी बदलल्या. शिव्या द्या.

वहीत आहे ते लिहिते. थिजणं चौथ्या-पाचव्या दिवसापासून कमी झालं. नरांच्या पाठी भरतायत, पण दोन पिंजऱ्यांत अजून फोडाफोडी चालू आहे. एकदा सुरू झालं की थांबत नाही बहुतेक. त्यांना वेगळं केलं. पिल्लं खाल्लेल्या तिघींपैकी एक परत व्याली, आठ झाली, आठही आहेत. दुसरीने परत दोन खाल्ली. १४ नंबर गाभण आहे, अजून दिवस आहेत.

तिचं घरटं अजून बंद गोळाच आहे. मात्र कोपरा बदललाय, आता पाण्याच्या बाटलीखाली आहे. काल नळी आत ठेवली तर दोन मिनिटं लांबून बघत राहिली, मग शिरली, आणि नंतर बाहेर यायलाच तयार नाही. टिश्यूचा एक तुकडाही आत ओढून नेला. वजन घ्यायचं होतं, मग नळीसकट काट्यावर ठेवली आणि नळीचं वजन वजा केलं.

शंकासुर

शिव्या देत नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या त्या तारखा तेवढ्या वहीत आहेत ना?

पिंजरेवाली

आहेत. तासासकट.

चाळणीवाला

१४ नंबर व्याली की कळवा. आणि ती नळी आता तिच्याकडेच राहू द्या, दुसरी आणा.